अनवाणी मॅरेथॉन आणि सर दोराबजी

वर्तकनगर नाक्यावरच्या चहाच्या टपऱ्या उघडण्याआधीच धावपटूंची पहिली तुकडी पोखरण रोड क्रमांक १ वरून उपवनच्या दिशेने निघून गेलेली असते. त्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात, तशीच म्हाडाच्या जुन्या इमारतींतून आणि शेजारच्या नव्या टॉवरमधून बाहेर पडणारी चाळिशीतली नोकरदार मंडळीही असतात. उपवन तलावाला वळसा घालून काही जण येऊरचा चढ चढतात, काही जण तिथूनच माघारी फिरतात. परतताना बोलणे होते ते पायातल्या बुटांचे, किलोमीटरमागे लागलेल्या मिनिटांचे आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे. पावसाळ्यात ठाण्याची स्वतःची वर्षा मॅरेथॉन असते, पण पूर्ण बेचाळीस किलोमीटरचे स्वप्न पाहणाऱ्याला पहाटेची गाडी पकडून सीएसएमटी गाठण्यावाचून गत्यंतर नसते.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पासून तिच्या नावाआधी टाटा हे नाव लागले. छातीवरच्या क्रमांकपट्टीवर छापलेले ते नाव बहुतेक धावपटू पुरस्कर्त्या कंपनीचे म्हणून वाचतात आणि विसरतात. प्रत्यक्षात या घराण्याचा आणि भारतीय मॅरेथॉनचा संबंध त्याआधी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये, पुण्याच्या एका खडबडीत मैदानावर जुळला होता. तो जुळवणारे गृहस्थ होते सर दोराबजी टाटा. पोलाद कारखान्याचे आणि जलविद्युत प्रकल्पांचे उभारणीकार म्हणून त्यांचे नाव शालेय पुस्तकांत आहे. भारतातल्या अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची वेळ जगातल्या धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहणारा माणूस म्हणून मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

जमशेटजी टाटा यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबई. शालेय शिक्षण मुंबईत झाल्यावर ते १८७५ मध्ये इंग्लंडला गेले आणि दोन वर्षांनी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. पुस्तकांइतकेच त्यांचे मन मैदानावर रमले. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये त्यांनी नाव कमावले आणि इंग्रजी पद्धतीच्या मैदानी स्पर्धा जवळून पाहिल्या. १८७९ मध्ये वडिलांनी परत बोलावले, तेव्हा उरलेले शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पूर्ण केले आणि १८८२ मध्ये पदवी घेतली.

त्यानंतरची दोन वर्षे हा कोट्यधीशाचा मुलगा चक्क पत्रकार होता. 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात त्यांनी उमेदवारी केली. आमच्या व्यवसायातून बाहेर पडून एवढी मजल मारणारे फार नाहीत, हे येथे नमूद करायला हरकत नाही. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात आले. पाँडिचेरीला गिरणी काढणे परवडेल काय याची पाहणी करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी कामाचे धडे घेतले. पुढे मेहेरबाई भाभा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या त्या आत्या. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. नवरा-बायको दोघेही मैदानाचे शौकीन, हा त्या काळात दुर्मीळ योग होता.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत निवर्तले, तेव्हा त्यांची बहुतेक मोठी स्वप्ने कागदावरच होती. पोलादाचा कारखाना, पश्चिम घाटातल्या पाण्यापासून वीज आणि विज्ञान संशोधनाची संस्था ही तिन्ही कामे पुरी करण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. लोहखनिजाच्या शोधात ते वडिलांच्या हयातीतच उतरले होते. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांच्याबरोबर चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्यांनी बैलगाडीने प्रवास केला. पिण्याजोगे पाणी न मिळाल्याने सोड्याच्या पाण्यात चहा उकळावा लागल्याची आठवण सांगितली जाते. चांद्याचा शोध फसला. एकदा नागपुरात एका अधिकाऱ्याची वाट पाहत असताना वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथे टांगलेल्या भूगर्भाच्या रंगीत नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा दिसल्या. शोधाची गाडी त्या नकाशामुळे पुन्हा रुळावर आली. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरमध्ये, पोलादाचे उत्पादन सुरू झाले. दरम्यान १९१० मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली होती. खोपोलीच्या केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली.

हा सारा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. त्याच काळात त्यांच्या आयुष्यात दुसरा एक प्रवाह वाहत होता, त्याकडे चरित्रकार दोन-चार ओळींत पाहतात. इंग्लंडहून परतल्यावर दोराबजींनी मुंबईतल्या शाळांची क्रीडा संघटना उभारण्यात पुढाकार घेतला होता. आधी क्रिकेट आणि मग धावण्या-उड्यांच्या स्पर्धा असा तिचा विस्तार झाला. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला, तेव्हा पुण्याच्या मंडळींनी त्यांना अध्यक्षपद दिले. मुंबईतल्या इंग्रजी वळणाच्या जिमखान्यांपेक्षा हा प्रकार निराळा होता. येथे देशी खेळांची आवड होती, राष्ट्रीय वृत्ती होती. युरोपीय पद्धतीच्या स्पर्धांचे नियम मात्र फारसे कोणाला माहीत नव्हते.

१९१९ मध्ये जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या आणि दोराबजी अध्यक्ष म्हणून उपस्थित राहिले. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्यांनी दहा वर्षांनंतर, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले. भारतीय ऑलिम्पिक चळवळीचा आरंभ कसा झाला हे समजण्याचे ते पत्र एक प्रमुख साधन आहे. स्पर्धक बहुतांशी शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली मुले होती. मैदान लहान, गवताळ आणि रोलर न फिरवलेले. शंभर यार्डांची शर्यत तर एका वळणावरून घेण्याचे घाटत होते आणि धावपटूंच्या मधे दोऱ्याही बांधलेल्या नव्हत्या. केंब्रिजच्या मैदानावर वावरलेल्या माणसाने हे पाहून कपाळाला हात लावला असता तर नवल नव्हते.

शेवटची स्पर्धा लांब पल्ल्याची होती. सुमारे पंचवीस मैलांची, म्हणजे चाळीस किलोमीटरची, आणि तिला नावही मॅरेथॉन असेच दिलेले होते. खडीच्या आणि मातीच्या कठीण रस्त्यावर ही मुले अनवाणी धावली. शास्त्रशुद्ध सराव नाही, खुराक नाही, वाटेत काय प्यावे हे सांगणारा कोणी नाही. तरीही पहिल्या तीन-चार जणांनी जी वेळ दिली तिने दोराबजी थबकले. पाश्चात्त्य देशांत या अंतराला किती वेळ लागतो याची त्यांना माहिती होती. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर त्यांना फरक दिसला तो माणसांत नव्हता, सोयींत होता. थोडे अन्न आणि थोडे प्रशिक्षण मिळाले तर ही मुले परदेशात कमी पडणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या प्रसंगाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तो काळ आठवावा लागेल. भारतीय माणूस शरीराने दुबळा आणि लढाऊ जमाती तेवढ्या सशक्त, ही साम्राज्याची ठरीव समजूत होती. सुशिक्षित शहरी भारतीयांच्या मनातही ती खोलवर मुरलेली होती. अशा वेळी एका पारशी उद्योगपतीने दख्खनच्या शेतकऱ्याच्या मुलाला घड्याळावर मोजले आणि तो जगाच्या बरोबरीला येऊ शकतो असे ठरवले. यात भावनेचा भाग नव्हता असे नाही, पण निर्णय आकड्यांवर घेतलेला होता. कारखान्यासाठी खनिजाचा नमुना तपासावा तसा.

तीन धावपटूंना स्वतःच्या खर्चाने पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिम्पिकला पाठवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. पुण्यातल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना एवढ्याने समाधान वाटेना, त्यांनी पूर्ण संघच पाठवण्याचा आग्रह धरला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे दोराबजींनी शब्द टाकला, भारताला स्वतंत्रपणे भाग घेण्याची परवानगी मिळाली आणि निवड चाचण्या घेऊन सहा जणांचा संघ ठरला. बंगालचे पूर्णचंद्र बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि हुबळीचे कैकाडी हे धावपटू, तर नवले आणि शिंदे हे दोन कुस्तीगीर. इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव करून हा संघ बेल्जियमला पोहोचला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पमध्ये मॅरेथॉन झाली. त्या काळी मॅरेथॉनचे अंतर पक्के ठरलेले नव्हते. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता आणि ऑलिम्पिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन त्याआधी झाली नव्हती, त्यानंतरही झालेली नाही. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले १९वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

वर्तकनगरच्या कोणत्याही धावपटूला हा आकडा सांगून पाहावा. किलोमीटरमागे चार मिनिटे, तेही अखंड पावणेतीन तासांहून अधिक. आज कार्बनचा पत्रा घातलेले बूट, दर काही किलोमीटरला पाणी आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र असूनही तीन तासांच्या आत पूर्ण मॅरेथॉन संपवणे हे हौशी धावपटूच्या आयुष्यातले मोठे स्वप्न समजले जाते. बेळगावच्या चौगुल्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी, नेहमीपेक्षा लांब मार्गावर, सहज मागे टाकले होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले आणि ते चौथे राहिले. पदक एकही आले नाही, पण दोराबजींचा हिशेब चुकलेला नव्हता. १९२० मध्येच त्यांना आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्यत्व मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

येथपर्यंतची कथा सरळ आहे. तिला एक दुसरी बाजू आहे आणि ती वगळून दोराबजींचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या वर्षी डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची मुले धावली, त्याच १९१९ मध्ये टाटा पॉवर ही कंपनी स्थापन झाली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण बांधून भिरा येथे वीज निर्माण करायची, अशी योजना होती. पुण्यापासून जेमतेम एका दिवसाच्या चालीवर असलेल्या मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि मावळ्यांची भातशेती त्या पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती बापट म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. शेतकरी मोबदल्यासाठी नव्हे, जमिनीसाठी अडून बसले होते. लढा तीन वर्षे चालला, बापटांना अखेरीस सात वर्षांची शिक्षा झाली आणि मुळशीचे खोरे बुडाले.

पुण्याच्या रस्त्यावर अनवाणी धावणारा शेतकरी आणि मुळशीच्या बांधावर आडवा पडणारा शेतकरी हे एकाच मातीतले. एकाचे पाय दोराबजींना दिसले, दुसऱ्याची जमीन त्यांच्या उद्योगसमूहाने घेतली. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. उद्योगाने देश उभा राहील अशी त्या पिढीची खरी श्रद्धा होती, मुंबईच्या गिरण्यांना धुरापासून मुक्त करणारी वीज त्यांना पुण्यकर्मच वाटत होती. परंतु ज्या माणसाने खेळाडू म्हणून शेतकऱ्याची किंमत अचूक ओळखली, त्याच्या समूहाला शेतकरी म्हणून त्याची किंमत केवळ मोबदल्याच्या रकमेत मोजता आली, हेही नोंदवले पाहिजे. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

त्याआधी १९२४ हे वर्ष त्यांना कसोटीचे गेले. पहिल्या महायुद्धानंतर पोलाद कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला होता. किमती कोसळल्या आणि एक दिवस जमशेदपूरहून तार आली की कामगारांचे पगार भागवायला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलले. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते आणि त्या दागिन्यांत होता ज्युबिली हिरा. सुमारे २४५ कॅरटचा हा हिरा वजनाने कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कारखाना वाचला. याच धामधुमीच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला भारतीय संघ गेला, त्याच्या खर्चातही त्यांचा वाटा होता. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये महादेव सिंग २९वे आले.

१९२८ मध्ये ऑलिम्पिक संघटनेची सूत्रे पतियाळाच्या महाराजांकडे गेली आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर भारतीय ऑलिम्पिक म्हणजे हॉकी, असे समीकरण होऊन बसले आणि पुढे कित्येक दशके ते टिकले. लांब पल्ल्याच्या धावपटूसाठी दोराबजींनी सुचवलेले अन्न आणि प्रशिक्षण मागे पडले. पुण्यातल्या त्या शर्यतीतल्या इतर मुलांची नावेही कोणी जपून ठेवली नाहीत. शिवनाथ सिंग यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ११वा क्रमांक मिळवला, तेव्हा चौगुल्यांच्या शर्यतीला छप्पन्न वर्षे उलटली होती. शिवनाथ सिंगही अनवाणी धावणारेच. १९७८ मधली त्यांची २ तास १२ मिनिटांची वेळ चाळीसहून अधिक वर्षे राष्ट्रीय विक्रम म्हणून अबाधित राहिली, याचा अभिमान वाटावा की खेद, हे ठरवणे कठीण आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातून आलेल्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे बाजी मारली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. म्हणजे दोराबजींनी १९१९ मध्ये ज्या वर्गात गुणवत्ता पाहिली, ती अजूनही तिथूनच येते आहे.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. दोराबजी या धक्क्यातून सावरले नाहीत. रक्ताच्या कर्करोगावर संशोधन व्हावे म्हणून त्यांनी पत्नीच्या नावाने एक न्यास केला आणि १९३२ च्या आरंभी आपली उरलेली सारी संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. त्यात मोती जडवलेली टायपिनसुद्धा सुटली नाही. जात, धर्म वा प्रांत यांचे बंधन या न्यासाला घातलेले नव्हते. ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि त्याचे पैसेही न्यासातच आले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले ते याच न्यासाच्या पैशांतून. मुंबई मॅरेथॉनमध्ये कर्करुग्णांसाठी निधी गोळा करत धावणारे दरवर्षी असतात. त्यांच्या धावण्याची आणि त्या रुग्णालयाची मुळे एकाच माणसापाशी जाऊन मिळतात.

न्यासाचे कागद पुरे झाल्यावर दोराबजी पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी इंग्लंडला निघाले. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. वडिलांनाही जर्मनीतच मृत्यूने गाठले होते. लंडनजवळच्या ब्रुकवूड दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

फोर्टात, मॅरेथॉन जिथून सुटते त्या सीएसएमटीपासून चालत काही मिनिटांवर, टाटा कुटुंबाचे एस्प्लनेड हाऊस अजून उभे आहे. जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे ठाणे-कल्याणहून आलेले धावपटू अंधारात पाय मोकळे करत त्या परिसरात उभे असतात. त्यांना ४२.१९५ किलोमीटर धावायचे असते. हे अंतर पक्के झाले १९२१ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले त्याहून ५५५ मीटर जास्त धावले होते.